घरची छोटी लाइन: सावनेर–रामटेक कोणत्या साली बंद करावी? (रेल्वे काल्पनिक, भांडण खरं)

पिवळी_पाटी

प्रश्न आधी, पाल्हाळ नंतर. जी रेल्वे कधी अस्तित्वातच नव्हती ती कोणत्या साली बंद पडली असती? आमच्या घरात यावरून आई आणि धाकट्या भावात जुंपली आहे, त्यापायी बाबांचं काम अडलंय, म्हणून इथे धागा काढतेय.

आता पाल्हाळ. नागपुरात महालातल्या घरी माडीवर आमचं रेल्वेचं मॉडेल आहे. टाळेबंदीत सुरू झालं ते थांबलंच नाही. माप एचओ, म्हणजे १:८७, पण गाडी छोटी लाइनची. आपली छोटी लाइन अडीच फुटी, ७६२ मिलिमीटर. तिला ८७ नं भागलं की पावणेनऊ येतात, आणि एन गेजचा ९ मिलिमीटरचा रूळ बाजारात तयार मिळतो. फरक डोळ्याला कळत नाही. ब्रॉडगेजवाल्यांचं इतकं सुखाचं नाही. त्यांना सव्वाएकोणीस हवा आणि मिळतो साडेसोळाचा, म्हणून आपल्याकडची बरीच ब्रॉडगेज मॉडेलं समोरून पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसतात.

बाबा निवृत्त ड्रॉइंग मास्तर. सुतारकाम, डोंगर, झाडं त्यांची. वायरिंग आणि इंजिनं भावाची. स्टेशनच्या पाट्या माझ्या. उद्घोषणा माझ्या मुलीच्या आवाजात. आणि इतिहास आईचा. आईची सगळी नोकरी भूमी अभिलेखमध्ये टायपिंगवर गेली, त्यामुळे जुन्या कागदाची भाषा तिच्या बोटांत आहे.

लाइन अशी: सावनेर–खापा–पारशिवनी–रामटेक. ही चारही गावं खरी. सावनेरला छिंदवाड्याची छोटी लाइन होती, रामटेकला कामठीकडून ब्रॉडगेजचा फाटा आहे. या दोघांना आडवं जोडणारी आमची ‘सावनेर–रामटेक लाइट रेल्वे’ मात्र आईच्या टाइपरायटरवर जन्मली. घरात तिला ‘सरल’ म्हणतात. मधली पळसघाट आणि चारखांब ही स्टेशनं नकाशात शोधू नका.

गंमत अशी की इतिहास आधी लिहून मॉडेल बांधलं असं झालेलं नाही. खोलीच्या मधोमध एक सागवानी खांब आहे. बाबांनी रूळ त्याला वळसा घालून नेला. आई म्हणाली, रेल्वे फुकट वळत नसते, कारण लागतं. दुसऱ्या दिवशी टाइप केलेला कागद हजर:

‘मौजे पळसघाट येथील मालगुजार यांनी तलावाचे पाळीस धोका पोहोचेल सबब सरळ आखणीस हरकत घेतली. कंपनीने तलाव वगळून वळणाचा मार्ग मान्य केला. जादा खर्च कंपनीने सोसावा व मालगुजार यांनी चालती गाडी हात दाखवून थांबवू नये, असे उभयपक्षी ठरले.’

त्या दिवसापासून खांबाभोवती टेकडी आहे आणि टेकडीच्या पायथ्याशी तलाव. (विदर्भाबाहेरच्यांसाठी: इकडे मालगुजारी होती, १९५१ ला ती गेली आणि ते तलाव ‘माजी मालगुजारी’, म्हणजे लोकांच्या तोंडी मामा तलाव झाले.) दारातून आत यायचं तर एक फळी उचलावी लागते, ती फळी म्हणजे कन्हान नदीवरचा पूल. सावनेर यार्डाच्या निम्म्या जागेत कूलरचा स्टँड येतो, म्हणून आईच्या कागदांत बंगाल नागपूर रेल्वेनं आपल्या यार्डात आम्हाला जागा द्यायला नकार दिलेला आहे.

आता भांडण. आईला लाइन दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास संपवायची आहे. तिला कोळशाची इंजिनं, धोतरं, छत्र्या आणि रामटेकची कार्तिकातली जत्रा हवी. भावाला ती २०१५ पर्यंत ओढायची आहे, कारण त्याला डिझेल चालवायचंय. आणि बाबा म्हणतात, तुम्ही वर्ष ठरवा, मला आंब्याची झाडं किती उंच करायची आणि गावात विजेचे खांब लावायचे की नाही एवढंच कळू द्या.

जाणकारांनी सांगावं.

वऱ्हाडी_झटका

बाप्पा! ताई, तुमची आई लय भारी आहे. मालगुजारानं हात दाखवू नये म्हणे! आमच्या आजोबाच्या गावी असाच होता एक, त्याच्यासाठी बस थांबून राहायची. फोटो टाका न पटकन, काऊन तरसवून राहिले?

आन बंद कायले करता? चालू द्या न. खऱ्या तर साऱ्या बंद पाडल्याच आहेत.

मोतीबाग_साइडिंग

छान लिहिलंय, पण मला एक मनापासून विचारायचं आहे. राग मानू नये.

नागपूर–छिंदवाडा छोटी लाइन २०१५ ला बंद झाली. इतवारी–नागभीड २०१९ ला. दोन्ही रुंदीकरणासाठी. डब्यांची लाकडी बाकं, स्टेशनच्या दगडी खोल्या, पाण्याच्या टाक्या, यातलं किती उरलं ते मोजायला कडबी चौकातलं नॅरोगेज म्युझियम सोडलं तर फारशी जागा नाही. ते म्युझियम २००२ चं. अशा वेळी ज्यांच्या हातात एवढं कसब आहे त्यांनी न झालेली लाइन का बांधावी? इतवारी बांधा, उमरेड बांधा. आणखी वीस वर्षांनी कुणी विचारलं की भिवापूर स्टेशन कसं होतं, तर निदान एका माडीवर ते सापडेल.

पिवळी_पाटी

@मोतीबाग_साइडिंग, राग नाही. आमच्याकडेही हे बोलून झालंय. बाबांनी इतवारीचा कागदी आराखडा काढला होता. यार्डाचा नुसता अर्धा किलोमीटर घेतला तरी १:८७ ला तो पावणेसहा मीटर होतो. आमची खोली तेवढी लांबच नाही. मग कापाकापी सुरू होते, हा फाटा गाळा, तो शेड पुढे ओढा, आणि शेवटी ‘इतवारी’ अशी पाटी लावलेलं भलतंच काहीतरी उभं राहतं. तुम्हीच पहिले येऊन म्हणाला असता की पाण्याची टाकी इकडे नव्हती.

सावनेर–रामटेकही धरा पन्नास किलोमीटर, म्हणजे मापाला पावणेसहाशे मीटर. तेही कापलंच आहे. पण इथे काय कापायचं ते आम्ही ठरवतो आणि त्याचं कारण आई देते.

आणि खरं काही नाही असं नका समजू. खाप्याचं स्टेशन बाबांनी छिंदवाडा लाइनच्या लहान स्टेशनांची जी रेखाटनं पूर्वी काढून ठेवली होती त्यावरून केलंय. कमान, ओटा, खिडकीची गजं, सगळं तिथलं.

गोटा_खडक

भूगर्भशास्त्र शिकवतो, म्हणून माझा प्रश्न वेगळा: ही लाइन माल कसला वाहते?

नागपूर दोन जगांच्या शिवेवर बसलंय. पश्चिमेला दख्खनचा बेसाल्ट, त्यावरची काळी माती, कापूस आणि संत्री. पूर्वेला आणि ईशान्येला फार जुने रूपांतरित खडक, त्यात मँगनीज. मधे गोंडवाना थर, म्हणजे कामठीचा वालुकाश्म आणि त्याखाली कोळसा. तुमची लाइन पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते, म्हणजे ती ही शीव ओलांडते. मॉडेलवर जमिनीचा रंग बदलताना दिसला पाहिजे. सावनेरला काळी, खाप्यापुढे करडी-तांबूस, मनसरच्या बाजूला लालसर. हे केलं तर पाट्या न वाचता माणसाला कळेल गाडी कुठे आली.

मँगनीज लाइनच्या दोन्ही टोकांना मिळतं. खाप्याजवळ गुमगाव, रामटेकजवळ मनसर आणि कांद्री. मनसरचं काम १९०० च्या आसपासचं. नंतर सीपीएमओ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर) कंपनी, आणि १९६२ पासून मॉयल, म्हणजे सरकारी मँगनीज कंपनी.

एक सूचना. फोटो टाकाल तेव्हा बघीनच, पण बहुतेक मॉडेलवाले मँगनीजची वाघीण काठोकाठ भरतात. तसं करू नका. हे खनिज कोळशाच्या अडीच-तीन पट जड भरतं. कोळशाची वाघीण काठापर्यंत भरेल, मँगनीजची निम्मीही भरणार नाही आणि तेवढ्यातच तिचे स्प्रिंग बसतील.

पिवळी_पाटी

@गोटा_खडक, हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘या सरांना चहाला बोलव.’ बाबा म्हणाले, ‘रंग बदलायचा म्हणजे निम्मी जमीन खरवडावी लागेल,’ पण लगेच जिन्याखालून चाळणी घेऊन वर गेले. आमची माती म्हणजे वापरून वाळवलेली चहापत्ती आणि रंगाची पूड. लाल कशानं करावी?

गोटा_खडक

गेरू. दुसरं काही आणू नका. चहाला नक्की येतो.

टोकनबॉल

स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त. सुरुवातीची काही वर्षं छोट्या लाइनवर गेली.

आधी चालवणं. एवढ्याशा लाइनला प्रत्येक स्टेशनवर नील्सचं बॉल टोकन यंत्र (पुढचा रूळ मोकळा असेल तेव्हाच ड्रायव्हरला द्यायचा गोळा सोडणारं) कुणी बसवणार नाही. परवडत नाही. सावनेर ते पारशिवनी टोकन, त्यापुढे ‘वन ट्रेन ओन्ली’. म्हणजे पुढच्या टप्प्यात एका वेळी एकच गाडी, तिच्याकडे लाकडी दांडा, तो परत येईपर्यंत दुसरी निघणार नाही. खेळायलाही मजा येते. मुलीला द्या तो दांडा, उद्घोषणेपेक्षा हे काम जबाबदारीचं आहे.

आता मरण. लाइन अचानक मरत नाही. आधी रात्रीची गाडी जाते. मग दिवसाच्या दोनाची एक होते. मग मिक्स गाडी, म्हणजे दोन प्रवासी डबे मालगाडीला लटकवायचे आणि शंटिंग संपेपर्यंत लोकांनी बसून राहायचं. मग लोक म्हणतात एसटी बरी, आणि हापिसात फाईल येते की प्रवासीच नाहीत. मी म्हणेन साठीचं दशक. रस्ता झाला, पुलावरून ट्रक जायला लागला की खाणवाला वाघिणीची वाट बघत नाही.

भाऊ डिझेलवर अडून बसलेत त्यांच्यासाठी मालकीचा क्रम देतो, वाघिणीवर अक्षरं रंगवायला लागेल. बीएनआर, म्हणजे बंगाल नागपूर रेल्वे, १ ऑक्टोबर १९४४ ला सरकारनं घेतली. १९५२ ला ईस्टर्न रेल्वे. १९५५ ला साउथ ईस्टर्न. २००३ पासून दक्षिण पूर्व मध्य. लाइन जेवढी जास्त जगवाल तेवढ्या पाट्या ताईंना रंगवाव्या लागतील.

नागभीड_लोकल

माझं मत भावाला. आमचं लहानपण इतवारी–नागभीडवर गेलं. भिवापूरला मिरचीची पोती चढली की अख्खा डबा शिंकायचा, आणि टीसीसुद्धा तोंडाला रुमाल लावून तिकिटं बघायचा. ती गाडी परवापरवापर्यंत होती. तुमची ‘सरल’ १९४२ ला मारलीत तर आमच्या पिढीनं तिच्यात कुठे बसायचं?

खमंग_सांबारवडी

थोडं विषयांतर, पण सांगायलाच हवं. आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल एक तिकीट आलं. जाड पुठ्ठ्याचं, छोटं, ‘पळसघाट ते रामटेक, तिसरा वर्ग’. खाली लिहिलेलं: ‘विदर्भाचा विसरलेला ठेवा, इंग्रजांनी बांधलेली आणि आपल्या नेत्यांनी बंद पाडलेली रेल्वे. जास्तीत जास्त शेअर करा.’ काकांनी त्यावर रडका चेहरा टाकला. मामांनी सांगितलं की ते लहानपणी या गाडीनं गेले आहेत. मी हा धागा वाचलेला होता म्हणून कळलं.

पिवळी_पाटीताई, हे तुमचंच ना? हसू आलं, पण नंतर जरा भीतीही वाटली.

मोतीबाग_साइडिंग

मी म्हणत होतो ते हेच. खऱ्या लाइनचे कागद रद्दीत गेले आणि खोट्या लाइनचं तिकीट लोकांच्या आठवणीत शिरलं. मामा खोटं बोलत नसणार. ते कुठल्यातरी छोट्या लाइननं गेलेच असतील. आता त्यांच्या डोक्यात तिचं नाव बदललं.

पिवळी_पाटी

हो, आमचंच. दिवाळीत घरी आलेल्या पाहुण्यांना प्रवासाची आठवण म्हणून तिकिटं दिली होती. त्यातल्या कुणीतरी फोटो फिरवला.

पण @खमंग_सांबारवडी, ते तिकीट पुन्हा उघडून तारीख बघा.

खमंग_सांबारवडी

३१ जून १९३६!!! अगं बाई. काकांना दाखवते.

पिवळी_पाटी

आईची अट आहे ही पहिल्या दिवसापासून. तिच्या प्रत्येक कागदात एक अशक्य गोष्ट असते. तिकिटावर ३१ जून. वेळापत्रकात एक गाडी निघण्याआधी पोचते. मालगुजाराच्या करारावर साक्षीदार म्हणून तलावातल्या मगरीचा अंगठा आहे. ती म्हणते, ‘मी आयुष्यभर कागद खरे आहेत असं शिक्के मारून सांगितलं. आता खोटे कागद करते तर ते खोटे आहेत हेही कागदावरच असलं पाहिजे.’

तरी @मोतीबाग_साइडिंग यांचं पटलं. फोटो काढणारा तारीख वाचत नाही. यापुढे तिकिटाच्या मागे ‘घरगुती खेळ, महाल’ असा शिक्का येईल. मामांच्या आठवणीबद्दल मात्र काय करावं सुचत नाही. त्यांना विचाराल का, ते नक्की कुठून कुठे गेले होते? आईला ऐकायचंय.

खमंग_सांबारवडी

विचारलं. सौंसर ते इतवारी, मावशीच्या लग्नाला. म्हणजे छिंदवाडा लाइनच. डब्यात पोपटाचा पिंजरा होता म्हणे आणि त्याचंही तिकीट काढायला लावलं.

मोतीबाग_साइडिंग

हे लिहून ठेवा. पोपटासकट.

कोथरूडकर

उशिरा आलो. आमच्याकडे पुण्यात जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम आहे, १९९८ पासून. तेही एका माणसाच्या छंदातून उभं राहिलेलं आणि घरच्यांनी चालवलेलं. तिथलं शहर कुठलंच खरं शहर नाही, पण मुलं त्यात आपलं घर शोधतात.

काल्पनिक लाइन ही या छंदातली जुनी आणि मानाची परंपरा आहे, @मोतीबाग_साइडिंग. अमेरिकेत ॲलन मॅक्लेलंड यांची ‘व्हर्जिनियन अँड ओहायो’ ही तळघरातली कोळशाची रेल्वे पूर्ण काल्पनिक होती. त्यांचा आग्रह असा की टेबलाच्या कडेला जग संपत नाही. आपल्या वाघिणी कडेपलीकडच्या खऱ्या रेल्वेकडे जातात आणि तिथून येतात असं धरून वेळापत्रक लिहायचं. ‘सरल’ हेच करते आहे, एका टोकाला सावनेर, दुसऱ्याला रामटेक.

इंग्लंडमध्ये पीटर डेनी नावाचे पाद्री होते. त्यांची ‘बकिंगहॅम’ शाखा अशीच, खऱ्या कंपनीला जोडलेली पण स्वतःच्या कल्पनेची. मुलगा क्रिस्पिन एका स्टेशनावर काम बघायचा. तो नसेल तेव्हा घंटेच्या खुणांना उत्तर देऊन गाड्या पाठवणारं एक यंत्र त्यांनी बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’. भाऊ रुसून बसले तर उपाय आहे, एवढंच सांगतो.

आता मूळ प्रश्न. काकूंना महायुद्ध हवंय तर त्यासाठी खरं कारण तयार आहे. दोन्ही महायुद्धांत आपल्याकडच्या काही शाखा-लाइनींचे रूळ उपटून परदेशी पाठवले गेले. रूळ, स्लीपर, वाघिणी, सगळं. बंद पडली असं न म्हणता उपटली म्हणा.

गोटा_खडक

@कोथरूडकर, कल्पना चांगली, पण सगळी लाइन उपटता येणार नाही. युद्धात मँगनीज लागतं, पोलादाला त्याच्याशिवाय चालत नाही. गुमगावचा माल सावनेरकडे नेणारा तुकडा सरकार उपटणार नाही, उलट त्याच्यावर पहारा बसवेल. पण पूर्वेकडे बघा. मनसर आणि कांद्रीच्या जवळ रामटेकचा ब्रॉडगेज फाटा आहेच. तिकडच्या खाणींना ‘सरल’ची गरज नाही. पारशिवनी ते रामटेक या भागात उरतं काय? जत्रेचे प्रवासी आणि रामटेकची कपुरी पानं. तो भाग जाईल.

टोकनबॉल

बरोबर. आणि उरलेला सावनेर–खापा–गुमगाव तुकडा खाणीची साइडिंग म्हणून पुढे चालेल. बीएनआरनं चालवायला घेतला, मग सरकारकडे, मग छिंदवाडा लाइन २०१५ ला बंद झाली तेव्हा तोही गेला, कारण माल पुढे न्यायला रूळच उरला नाही. आई आणि भाऊ, दोघांचंही म्हणणं राहिलं.

वऱ्हाडी_झटका

वा रे पंच! आता कन्हानवरचा पूल कोणाच्या वाट्याले?

टोकनबॉल

गुमगाव आणि सावनेर एकाच काठावर धरले तर पूल पूर्वेच्या भागात. म्हणजे पूलही गेला.

पिवळी_पाटी

थांबा थांबा. हे सगळं आम्ही जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचलं. आईनं टाळी वाजवली. भाऊ ‘चालेल’ म्हणाला. मग बाबांनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘म्हणजे मी निम्मे रूळ उपटायचे?’

कुणी काही बोललं नाही. कारण इतिहासाप्रमाणे तसंच आहे. रूळ काढायचे, भराव ठेवायचा, त्यावर पायवाट आणि बाभळी. पाडलेल्या पुलाचे नुसते खांब. मला स्वतःला ते फार सुंदर दिसेल असं वाटतं, पण रामटेकचा चढ बाबांनी एकेक स्लीपर हातानं चिकटवून बसवलाय. त्यांनी साफ सांगितलं, ‘इंग्रजांनी उपटले असतील. मी नाही उपटणार.’

नागभीड_लोकल

काकांचं बरोबर आहे.

सोल्डर_धूर

वाचनमात्र होतो, पण इथे राहवलं नाही. निम्मी खोली एका सालात आणि निम्मी दुसऱ्यात कशाला? सगळी खोली दोन सालांत चालवा. एकदा १९४१ ची कार्तिक जत्रा, एकदा २०१४. काय बदलतं त्याची यादी काढली तर ती फार मोठी नाही: पाट्या, विजेचे खांब, गाड्या, माणसांचे कपडे, झाडांची उंची. खांब आणि झाडं भोकांत बसवा, चिकटवू नका. खाली पितळी नळीचा तुकडा, वर तार. उपटून डब्यात ठेवायची. २०१४ च्या दिवशी पारशिवनीपुढे फक्त ‘रस्ता बंद’ करा, त्या भागावर रूळ झाकणाऱ्या गवताच्या पट्ट्या अंथरा. रूळ खाली सुखरूप.

विषय निघालाच आहे तर कूलरबद्दल बोलतो, कारण वर कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही. सगळ्यांना वाटतं नागपूरच्या उन्हानं रूळ वाढतो. निकेल-सिल्व्हरचा रूळ तीसेक अंशांच्या फरकाला मीटरमागे जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतो. जोडांत तेवढी फट ठेवली की झालं. खरा त्रास प्लायचा. एप्रिलमध्ये तो कोरडा पडून आक्रसतो, कूलर लागला की एका बाजूनं ओल पिऊन फुगतो, पावसाळ्यात सगळाच फुगतो. सावनेर यार्डाजवळ गाड्या रुळावरून उतरतात ना? कूलरचा झोत तिथे असणार. खालून आणि कडांना दोन हात वॉर्निश द्या, वरून देऊन उपयोग नाही. आणि रूळ पुसायला सॅंडपेपर वापरत असाल तर आजच बंद करा. ओरखड्यांत मळ बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनं सुती धोतर.

पिवळी_पाटी

@सोल्डर_धूर, तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का? गाड्या तिथेच उतरतात. भाऊ आतापर्यंत त्याचं खापर बाबांच्या पॉइंटवर (रूळ बदलायच्या सांध्यावर) फोडत होता. बाबांना तुमची पोस्ट दोनदा वाचून दाखवायला लागली, दुसऱ्यांदा भावाच्या समोर.

दोन सालं मंजूर. आईनं ठराव टाइप केलाय, पूर्ण देत नाही, शेवटचं वाक्य असं: ‘सन १९४१ व सन २०१४ हे एकाच खोलीत आळीपाळीने राहतील व परस्परांचे सामानास हात लावणार नाहीत.’ तारीख अर्थात ३० फेब्रुवारी.

@मोतीबाग_साइडिंग, आणखी एक. २०१४ च्या सामानात आम्ही एक खरी गाडी घेतोय, सावनेरवरून जाणारी इतवारी–छिंदवाडा पॅसेंजर. मॉडेलवर ती फक्त सावनेरच्या कडेला येऊन थांबेल आणि निघून जाईल. तुमच्याकडे शेवटच्या काळातल्या डब्यांचे, रंगाचे, आतल्या बाकांचे फोटो असतील तर हवे आहेत. पोपटाचा पिंजरा करायला घेतलाय.

मोतीबाग_साइडिंग

आहेत. बरेच आहेत. व्यनि (खासगी निरोप) करतो. बाकांची मापंही घेतली होती, इंचात आहेत.

सरलचा_फ्यूज

मी तो डिझेलवाला भाऊ. ताईनं एवढं सगळं लिहिलं आणि मला फक्त रुसणारा दाखवलं. असो.

कामाचं विचारतो. झेडडीएम-४ए, म्हणजे छोट्या लाइनचं डिझेल इंजिन, हवंय. तयार मॉडेल मिळत नाही म्हणून जपानी एन गेजची चासी घेतली आहे, तिच्यावर वरची बॉडी थ्रीडी प्रिंट करायची. ड्रॉइंग झालंय. छपाईवाला म्हणतो पीएलए प्लास्टिक स्वस्त पडेल. आमची खोली माडीवर, वर पत्रे. मे महिन्यात टिकेल का?

सोल्डर_धूर

पीएलए नको. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. खोली तेवढी तापणार नाही, पण पत्र्याखाली खिडकीतून ऊन थेट इंजिनावर आलं, त्यात रंग गडद आणि आत मोटर गरम, की भिंती पातळ असल्यामुळे छत खाली बसेल. एबीएस प्लास्टिक घ्या, त्याला शंभराच्या वर जावं लागतं. भिंत एक मिलिमीटरपेक्षा पातळ ठेवू नका आणि मोटरच्या वरच्या जाळ्या नुसत्या कोरू नका, आरपार उघड्या ठेवा.

सरलचा_फ्यूज

जाळ्या आरपार केल्या तर आतली चासी दिसेल.

सोल्डर_धूर

आतून काळी जाळी लावा. चहाच्या गाळणीची मिळते, बर्डीवर.